विश्लेषण : फिरते यंत्र थांबलेले का दिसते? वेग अचूक कसा मोजतात?

लेथचा चक मिनिटाला १५०० फेरे (आरपीएम) घेत असतो, तरी ट्यूबलाइटखाली तो थांबलेला दिसू शकतो. अशा वेळी हात पुढे गेला, तर बोटे गमावण्याची वेळ येते. म्हणूनच यंत्राचा वेग डोळ्यांवर विसंबून ठरवता येत नाही.

डोळा का फसतो?

भारतात वीजपुरवठा ५० हर्ट्झचा आहे. त्यामुळे जुन्या चोकची ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. १५०० आरपीएम म्हणजे सेकंदाला २५ फेरे. दोन लुकलुकींदरम्यान चक पाव फेरा फिरतो. चार जबड्यांच्या चकमध्ये तेवढ्यात एका जबड्याच्या जागी पुढचा येतो आणि चक स्थिर भासतो. याला ‘स्ट्रोबोस्कोपिक परिणाम’ म्हणतात. हलक्या प्रतीच्या एलईडी दिव्यांतही हा धोका असतो. शेजारचे दिवे वेगवेगळ्या फेजवर जोडल्यास तो कमी होतो.

याच भासाने वेग कसा मोजतात?

यंत्रावर एक खूण करून स्ट्रोबोस्कोपचा प्रकाश त्यावर टाकतात आणि खूण स्थिर दिसेपर्यंत चमकण्याचा वेग बदलतात. मात्र ३००० आरपीएमचे यंत्र मिनिटाला १५०० किंवा १००० चमकांतही स्थिरच दिसते. त्यामुळे एकच खूण स्थिर दिसेल असा सर्वाधिक आकडा खरा मानतात.

मोबाइलचा कॅमेरा चालेल का?

मर्यादित प्रमाणात. सेकंदाला ३० फ्रेम टिपणाऱ्या कॅमेऱ्यात १८०० आरपीएमची खूण स्थिर दिसते, तर १७५० ची उलट दिशेने सावकाश फिरताना दिसते. एका फेऱ्यात दोनपेक्षा जास्त फ्रेम मिळायला हव्यात. म्हणजे अशा कॅमेऱ्याचा भरवसा ९०० आरपीएमच्या आतच. त्यापुढे हाय-स्पीड कॅमेरा लागतो.

सेन्सर काय करतो?

तो फेरे मोजतो. हातातला टॅकोमीटर शाफ्टवर चिकटवलेल्या चकाकत्या पट्टीवरून परतणारा प्रकाश टिपतो. मोठ्या यंत्रांत दातेरी चाकाजवळ चुंबकीय सेन्सर बसवतात. चाकाला ६० दाते असतील, तर सेकंदाला मिळणारे स्पंद म्हणजेच आरपीएम. वेगळा गुणाकार नको.

एका सेन्सरवर विसंबता येते का?

जिथे जिवाला धोका आहे तिथे नाही. औष्णिक वीजकेंद्रांतील टर्बाइन साधारणपणे ३००० आरपीएमने फिरते. वेग आटोक्याबाहेर गेला तर पाती तुटून उडू शकतात. म्हणून अनेक ठिकाणी तीन सेन्सर असतात. त्यांपैकी दोघांनी अतिवेग दाखवला की वाफ आपोआप बंद होते. लेथवरच्या कामगारासाठी मात्र नियम साधा आहे : चक थांबलेला दिसला, तरी वीज बंद केल्याशिवाय हात लावायचा नाही.