कार्ड आहे, जागा नाही

साधारण पंधरा वर्षांपूर्वी तालुक्याच्या कुठल्याही गावी, मग ते शिरूर असो की दौंड, मोबाइलच्या दुकानात एक धंदा जोरात होता. गाणी भरून देण्याचा. गिऱ्हाईक दोन जीबीचं कार्ड काउंटरवर ठेवी, दुकानदार ते रीडरमध्ये खोचून संगणकाला लावी आणि विचारी, "काय टाकू?" गवळणी, भजनं, लावण्या, नव्या हिंदी सिनेमांची गाणी, एखाद्या महाराजांचं कीर्तन. वीस-तीस रुपयांत कार्ड गच्च भरे आणि चहा संपेपर्यंत काम होई. गाण्यांच्या मालकीहक्काचा प्रश्न तिथं कुणाच्या मनातही येत नसे, हे ओघानं आलंच.

त्या काउंटरवर आता वेगळी तक्रार येते. फोनमध्ये चौसष्ट जीबीचं कार्ड आहे, ते निम्म्याहून जास्त रिकामं आहे, तरी फोन म्हणतो 'स्टोरेज फुल'. सातबारावर पीक नोंदवायला 'ई-पीक पाहणी'चं ॲप घ्यायचंय, ते उतरत नाही. मग मागणी होते, "बाकीची ॲपं कार्डावर टाकून द्या." बहुतेक वेळा उत्तर मिळतं, "जात नाहीत." का जात नाहीत, हे सांगायला दुकानदाराला वेळ नसतो आणि फोन तर ते सांगतच नाही.

एकेकाळी ती जात होती. अँड्रॉइडचा पहिला फोन, एचटीसी ड्रीम, २००८ साली आला तेव्हा त्यात ॲपसाठी जेमतेम सत्तर एमबी जागा होती. आज एखादं बँकेचं ॲप एकटंच तेवढी खातं. मे २०१० मध्ये गुगलनं अँड्रॉइड २.२ जाहीर केलं. त्याचं टोपणनाव फ्रोयो. ॲप मेमरी कार्डावर ठेवण्याची अधिकृत सोय त्यात पहिल्यांदा मिळाली. सेटिंगमध्ये ॲपचं पान उघडायचं, 'मूव्ह टु एसडी कार्ड' दाबायचं, की काही क्षणांत बटणावरचा मजकूर बदलून 'मूव्ह टु फोन' होई. पुढच्याच वर्षी आलेल्या आणि भारतात घरोघरी पोचलेल्या सॅमसंग गॅलॅक्सी वायमध्ये वापरणाऱ्याच्या वाट्याला १८० एमबी जागा होती. अशा फोनवर ते बटण म्हणजे चैन नव्हती, गरज होती.

पण त्या बटणामागे एक अर्धवटपणा होता, आणि आजची अडचण तिथूनच सुरू होते. ॲप कार्डावर गेलं म्हणजे सगळंच गेलं, असं होत नसे. मुख्य फाइल कार्डावरच्या एका लपवलेल्या, कुलूपबंद फोल्डरमध्ये जाई. ॲपनं साठवलेली खासगी माहिती फोनमध्येच राही. शिवाय कार्ड कधीही निघू शकतं. त्या काळी तर फोन केबलनं संगणकाला जोडून कार्ड तिकडं उघडलं, की फोनपुरतं ते नाहीसंच होई आणि कार्डावरची चालू ॲपं जागच्या जागी बंद पडत. म्हणून अँड्रॉइडनं ॲप बनवणाऱ्यांनाच सांगून ठेवलं की गजराची ॲपं, कीबोर्ड, विजेट, हलते वॉलपेपर, फोन सुरू होताच जागी होणारी आणि पाठीमागे सतत चालणारी ॲपं कार्डावर ठेवू देऊ नका. पहाटे चारला उसाला पाणी द्यायला उठायचं आणि गजराचं ॲप कार्डाबरोबर झोपलेलं, असं चालणार कसं?

थोडक्यात, ॲप हलवायचं की नाही हे ठरवण्याचा अधिकार फोनच्या मालकाकडे कधीच पूर्ण नव्हता. ॲप लिहिणाऱ्यानं परवानगी दिली असेल तर 'चेंज' किंवा 'मूव्ह' बटण दिसतं. नसेल तर ते फिकं असतं किंवा मुळात नसतंच. गंमत अशी की गेम हलतो, ज्याच्यावाचून काही अडत नाही. आणि ज्याच्यावाचून दिवस सरत नाही ते बहुधा हलत नाही.

२०१५ मध्ये गुगलनं दुसरा मार्ग काढला. अँड्रॉइड ६, म्हणजे मार्शमॅलो. यात कार्ड घातल्यावर फोन विचारू लागला: हे कार्ड फोटो-गाण्यांसाठी सुटं ठेवायचं की फोनच्याच स्टोरेजचा भाग करायचं? दुसरा पर्याय निवडला की फोन कार्ड आधी पूर्ण पुसतो, मग ते आपल्या पद्धतीनं नव्यानं फॉरमॅट करून सांकेतिक कुलूप घालतो. त्या कुलपाची किल्ली फोनमध्ये असते. ॲपं, त्यांची माहिती, फोटो, सगळं मग तिथं जाऊ शकतं. सोळा जीबीच्या फोनला बत्तीसचं कार्ड खरोखरच कामाला येतं. मात्र ते कार्ड त्या फोनशी कायमचं बांधलं जातं. दुसऱ्या फोनमध्ये किंवा दुकानदाराच्या रीडरमध्ये ते वाचता येत नाही. फोन विहिरीत पडला किंवा रीसेट केला तर कार्ड हातात असूनही आतलं काही हाती लागत नाही. गाणी भरून देणाऱ्या जुन्या काउंटरवर नेमकं हेच कुणाच्या गळी उतरत नसे.

आणि ही सोय सगळ्या कंपन्यांनी दिलीच नाही. २०१६ च्या सुरुवातीला आलेल्या सॅमसंगच्या गॅलॅक्सी एस७ आणि एलजीच्या जी५ या दोन्ही फोनमध्ये कार्डाचा खण होता, प्रणालीही मार्शमॅलोच होती. पण दोन्ही कंपन्यांनी हा पर्याय बंद ठेवला. मोटोरोलानं तो दिला, पुढे नोकियाच्या बऱ्याच फोनांवरही दिसला. एलजीचं नाव शिरूरकरांना नवीन नाही. तालुक्यातल्या रांजणगाव एमआयडीसीत, अष्टविनायकांपैकी महागणपतीच्या देवळापासून काही किलोमीटरवर, एलजीचा मोठा कारखाना आहे. फ्रिज आणि एसीसाठी तो ओळखला जातो, पण २००५ च्या सुमारास तिथं जीएसएम मोबाइल हँडसेटही बनू लागले होते. एलजीनं २०२१ मध्ये जगभरातला मोबाइलचा धंदाच गुंडाळला.

ॲप कार्डावर ठेवण्यात आणखी एक अडचण असते: कार्डाचा वेग. बाजारात कार्डावर 'क्लास १०' लिहिलेलं असतं, म्हणजे सेकंदाला किमान दहा एमबी सलग लिहिण्याची हमी. व्हिडिओ शूटिंगला ती पुरते. ॲपचं काम मात्र सलग नसतं. ते इथून चिमूटभर वाचतं, तिथं चिमूटभर लिहितं, आणि असं सेकंदाला शेकडो वेळा. ही चपळाई मोजण्यासाठी एसडी असोसिएशननं २०१६ मध्ये 'ए१' आणि पुढच्या वर्षी 'ए२' अशा खुणा आणल्या. ए१ कार्डानं सेकंदाला किमान १५०० वेळा वाचलं आणि ५०० वेळा लिहिलं पाहिजे. ए२ साठी हेच आकडे ४००० आणि २००० आहेत. ज्याला कार्डावर ॲप ठेवायचंच आहे त्यानं जीबीच्या आकड्याआधी कार्डावरचा तो छोटा 'ए१' शोधावा. खूण नसलेल्या कार्डावर ॲप हललं तरी उघडताना ते इतकं रेंगाळतं की माणूस आठवडाभरात ते पुन्हा फोनमध्ये आणतो.

आणखी एक गैरसमज याच वेळी दूर केलेला बरा. कार्डानं रॅम वाढत नाही. फोन अडखळतो तो कधी साठवणुकीची जागा संपल्यानं, कधी काम करायची जागा, म्हणजे रॅम, अपुरी पडल्यानं. महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांइतका याचा अनुभव क्वचितच कुणी घेतला असेल. पोषण अभियानासाठी २०१९ मध्ये सरकारनं राज्यातल्या लाखभर सेविकांना फोन दिले, दोन जीबी रॅमचे. २०२१ मध्ये केंद्राचं 'पोषण ट्रॅकर' ॲप आलं आणि त्या फोनांवर त्याचा मेळ बसेना. ॲप उतरत नाही, उतरलं तर फोन हँग होतो, गरम होतो, दुरुस्तीचे पैसे पदरचे जातात अशा तक्रारी वाढल्या. ऑगस्ट २०२१ मध्ये सेविकांनी राज्यभर आंदोलन करून ते फोन सरकारला परत केले. फेब्रुवारी २०२३ च्या संपातही चांगला मोबाइल ही एक मागणी होतीच. बाळाचं वजन ज्या फोनवर नोंदवायचं त्या फोनचा दर्जा ठरवताना पुढची दोन-तीन वर्षं ॲप किती फुगेल याचा हिशेब कुणी तरी करायला हवा होता. सेविकेनं त्यात मेमरी कार्ड घालून काही साधलं नसतं.

'ई-पीक पाहणी'चंही तसंच. १५ ऑगस्ट २०२१ पासून हे काम राज्यभर शेतकऱ्याच्या मोबाइलवर आलं. बांधावर उभं राहून पिकाचा फोटो काढायचा, फोन जागेचे अक्षांश-रेखांश टिपतो आणि नोंद सातबाऱ्याकडे जाते. न्हावऱ्याकडचा ऊस असो की पाटसकडचा, हंगामाची मुदत संपत आलेली असते आणि नेमका तेव्हाच फोन भरलेला असतो.

भरतो कशानं? अमेरिकेतल्या 'वॉल स्ट्रीट जर्नल'नं जानेवारी २०१८ मध्ये यावर एक बातमी छापली. भारतीयांचे फोन सारखे का गोठतात याचा शोध गुगलचे लोक घेत होते आणि त्यांना सापडलं सकाळी सकाळी जाणारं 'गुड मॉर्निंग'. फुलं, सूर्य, चहाचा कप, सुविचार. वेस्टर्न डिजिटल या साठवण-उपकरणांच्या कंपनीचा हवाला देऊन त्या बातमीत म्हटलं होतं की भारतात तीनांतल्या एका स्मार्टफोनची जागा रोज संपते, अमेरिकेत हेच प्रमाण दहांत एक. गुगलनं त्याआधीच्या महिन्यात, डिसेंबर २०१७ मध्ये, 'फाइल्स गो' हे ॲप आणलं होतं. आता ते 'फाइल्स बाय गुगल' म्हणून ओळखलं जातं.

शिरूर-दौंडच्या फोनात सुप्रभातच्या जोडीला इथला खास माल असतो. बैलगाडा शर्यतीचं बंदी-परवानगीचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयानं मे २०२३ मध्ये शर्यतीच्या बाजूनं निकाली काढलं, आणि घाटावरच्या प्रत्येक बारीचा, म्हणजे एकेका धावेचा, व्हिडिओ दहा ग्रुपवर फिरू लागला. बारी काही सेकंदांची, पण ती चार बाजूंनी काढलेली. मग बिबट्या. उसात दिसलेला, सीसीटीव्हीत दिसलेला आणि कुठल्या तरी दुसऱ्याच राज्यात दिसलेला पण आपल्या गावच्या नावानं खपवलेला. त्यात दहाव्याचे, साखरपुड्याचे, वाढदिवसाच्या बॅनरचे फोटो. दिवाळीच्या चार दिवसांत तर एकच पणती पन्नास वेळा येते.

व्हॉट्सॲपमध्ये यावरचा इलाज २०२० च्या अखेरीपासून आहे, पण तो फारच कमी जण उघडतात. सेटिंग, मग 'स्टोरेज अँड डेटा', मग 'मॅनेज स्टोरेज'. वरच दोन खण दिसतात: एकात पाच एमबीहून मोठ्या फाइली, दुसऱ्यात अनेकदा फॉरवर्ड झालेलं साहित्य. खाली प्रत्येक ग्रुपनं किती जागा खाल्ली याची उतरती यादी. पहिल्या दोन-तीन ग्रुपांवरच निम्मं ओझं निघतं, आणि ते ग्रुप कोणते हे पाहण्यात वेगळीच करमणूक आहे. पाठवलेल्या व्हिडिओंची एक प्रत 'सेंट' फोल्डरमध्ये आणखी उरते, तीही तपासावी. आणि 'मीडिया ऑटो-डाउनलोड' बंद केलं की पुढचा माल आपण बोट लावल्याशिवाय आत येत नाही.

ॲपच्या पानावर दोन बटणं शेजारी असतात आणि तिथं बोट चुकलं तर महागात पडतं. 'क्लिअर कॅशे' तात्पुरत्या फाइली पुसतं, त्यानं काही बिघडत नाही. 'क्लिअर डेटा' किंवा 'क्लिअर स्टोरेज' ॲपला पहिल्या दिवशीसारखं कोरं करतं: पैशाच्या ॲपमध्ये पुन्हा नोंदणी, व्हॉट्सॲपमध्ये बॅकअप नसेल तर गप्पा गायब. क्वचित लागणाऱ्या ॲपसाठी गुगलनं २०२३ मध्ये 'आर्काइव्ह'ची सोय आणली. ॲपचा बराचसा भाग निघून जातो, चिन्ह आणि आपली माहिती राहते. पुन्हा बोट लावलं की ॲप उतरतं. जागा सुमारे साठ टक्क्यांपर्यंत सुटते, असं गुगल सांगतं. कार्डावर न हलणाऱ्या ॲपवर सध्याचा सगळ्यात व्यवहारी उतारा हाच आहे, फक्त परत उतरवायला रेंज पाहिजे.

मग कार्डाचं काम काय? जे ॲप नाही ते सगळं. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये साठवण्याची जागा 'एसडी कार्ड' केली की नवे फोटो परस्पर तिकडं जातात. यूट्यूब आणि नेटफ्लिक्सचे उतरवलेले व्हिडिओ कार्डावर ठेवता येतात. दौंडहून पुण्याला रोज रेल्वेनं जाणाऱ्या पासधारकाला एवढं पुरेसं आहे. अडचण एकच. बऱ्याच फोनांत दुसरं सिम आणि कार्ड यांना एकच खण असतो. बँकेशी जोडलेला जुना नंबर एका सिमवर, वाडीवर रेंज देणारं नेट दुसऱ्यावर. कार्ड घालायचं तर त्यातलं एक काढा. अशा घरात कार्डाला जागा मिळतच नाही. फोन घेतानाच ट्रे बाहेर काढून तिथं दोन खाचा आहेत की तीन, हे पाहून घ्यावं.

कार्ड विकत घेताना बत्तीसचं कार्ड एकोणतीस-तीस दाखवतं म्हणून दुकानदाराशी भांडू नये. तो फरक मोजण्याच्या दोन पद्धतींमुळे पडतो. भांडायचं ते बनावट कार्डावरून. आठवडी बाजारात किंवा ऑनलाइन फार स्वस्तात मिळणारं ५१२ जीबीचं कार्ड आतून आठ किंवा सोळाचंच असू शकतं. त्याला खोटा आकडा सांगायला शिकवलेलं असतं. फोनही तोच आकडा दाखवतो आणि खरी जागा भरेपर्यंत सगळं सुरळीत वाटतं. मग नवे फोटो जुन्यांवर लिहिले जातात किंवा उघडेनासे होतात. 'एच२टेस्टडब्ल्यू' हा जर्मनीतून आलेला फुकट प्रोग्राम संगणकावर चालवला, की तो कार्ड काठोकाठ भरून परत वाचून पाहतो आणि खोटं कार्ड उघडं पडतं. मोठ्या कार्डाला त्यात काही तास जातात, पण पावतीची मुदत संपायच्या आत ते केलं तर कार्ड परत करता येतं. बिनपावतीचं कार्ड मात्र दुकानदार परत घेत नाही.