परक्या गावात घर घेताना

मैत्रिणींनो, नवऱ्याची बदली झाली की बाईचं नुसतं सामान हलत नाही, सगळं जगच हलतं. तीन वर्षांपूर्वी आम्ही अकोल्याहून कोल्हापुरात आलो. राज्य एकच, पण मुलूख निराळा! इथल्या बायका ‘मी येतो, मी जातो’ म्हणतात, याचंच मला आधी केवढं नवल वाटलं होतं! भाड्याच्या जागेत संसार मांडला, मी शाळेत अर्धवेळ शिकवू लागले. दरवर्षी भाडं वाढू लागलं तसं ठरवलं, आता घर स्वतःचंच घ्यायचं.

बरीच पायपीट केल्यावर एक फ्लॅट मनात भरला. ऐसपैस, हवेशीर, सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी तळमजल्यावरचा, आणि इतरांपेक्षा चांगला पाच लाखांनी स्वस्त! दुसऱ्या दिवशी विसार द्यायचा होता. मोठ्या आनंदानं शेजारच्या काकूंना सांगायला गेले, तर त्यांनी विचारलं, “पुराचं पाणी कुठंवर आलंतं तिथं?”

मी गप्पच झाले. हा प्रश्न आम्हांला सुचलाच नव्हता! ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ चे महापूर आम्ही फक्त टीव्हीवर पाहिलेले. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. दोन्ही वेळा पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं होतं. संध्याकाळी पुन्हा त्या इमारतीपाशी गेलो. भिंतींना नवा कोरा रंग होता. समोरच्या किराणा दुकानातल्या बाईंनी मात्र स्वतःच्या छातीशी हात लावून दाखवला, “हितपतूर. दोन्ही डाव.” सासूबाईंचा पलंग माझ्या डोळ्यांपुढे आला. विसार दिला नाही.

तेव्हापासून स्वस्त जागा दिसली की मी आधी विचारते, स्वस्त का? तुम्हीही विचारा. नदीकाठच्या गावांत निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखलेल्या असतात. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई असते. निळ्या आणि लाल रेषेमधल्या भागात निर्बंध असतात. आपली जागा कुठे येते, ते महापालिकेच्या नगररचना विभागात विचारून घ्यावं.

हिशेबही आपणच मांडावा. ३० लाखांचं कर्ज साडेआठ टक्के व्याजानं वीस वर्षांसाठी घेतलं, तर हप्ता महिना सुमारे २६ हजार बसतो, आणि एकूण फेड साडेबासष्ट लाखांच्या आसपास जाते! शिवाय मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च बँक सहसा घराच्या किमतीत धरत नाही. तो पैसा पदरी हवा. जागा मोजताना चटई क्षेत्रच पाहावं, म्हणजे घराच्या आत वापरायला मिळणारी जागा.

आणि एक गोष्ट घरात जरूर बोला. आपल्या राज्यात १ एप्रिल २०२१ पासून घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. ३० लाखांच्या घराला तीस हजार वाचतात. आमच्या ‘ह्यांना’ हा हिशेब लगेच पटला!

आम्ही अजून भाड्यानंच राहतो. आता उंचावरच्या भागात शोध चालू आहे. एक खोली कमी मिळेल, हप्ताही जरा ओढूनताणून बसवावा लागेल. पण पावसाळ्यात रात्री शांत झोप लागेल. तुम्हीही परक्या गावात घर घेणार असाल तर भाव बिल्डरला विचारा, पाण्याचं मात्र शेजारणीला विचारा.