एकच विकर: विषबाधेची खूण आणि औषधाचं लक्ष्यही

ॲसिटिलकोलिनएस्टरेज. नाव जिभेला जड, पण वेग थक्क करणारा: या विकराचा एक रेणू सेकंदाला हजारो ॲसिटिलकोलिन रेणू तोडतो. मज्जातंतूने ॲसिटिलकोलिनमार्फत स्नायूला आकुंचनाचा निरोप दिला की तो लगेच पुसून टाकणं, हे त्याचं काम.

ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशकं नेमकं हेच विकर बंद पाडतात. मग लाळ, घाम, टाचणीएवढ्या बाहुल्या, थरथरणारे स्नायू आणि शेवटी श्वासच अडकतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना अनेक शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली, काहींचे जीव गेले. ऑर्गनोफॉस्फेटचा संशय असेल तर रक्तातलं कोलिनएस्टरेज मोजतात; ते घसरलेलं असेल तर निदानाला बळ मिळतं. उपचार मात्र लक्षणं पाहूनच, लगेच सुरू करायचे. ही पातळी माणसागणिक वेगळी असते, म्हणून फवारणीच्या हंगामाआधीच प्रत्येकाची मूळ पातळी नोंदवून ठेवायला हवी, असं मला कळकळीने वाटतं.

आता दुसरी बाजू. हेच विकर मोजूनमापून रोखलं की औषध होतं! अल्झायमरमध्ये डोनेपेझिल (आजार थांबत नाही, पण काहींच्या स्मरणशक्तीला काही काळ आधार मिळतो), मायस्थेनिया ग्रेव्हिसमध्ये पायरिडोस्टिग्मिन. नाग चावून पापण्या मिटू लागल्या, तर प्रतिविषाच्या जोडीला निओस्टिग्मिन आणि ॲट्रोपिन देतात. मण्यारच्या दंशात याचा सहसा फारसा उपयोग होत नाही, कारण तिचं विष मज्जातंतूच्या टोकालाच इजा करतं. तिथून ॲसिटिलकोलिन सुटतच नाही.