घर, गाडी आणि विम्याचा केसपेपर

विम्याचा विषय निघाला की आपल्याकडे बोलणे आयुर्विम्यावर जाते. मुलीच्या लग्नाला पैसे येतील अशा बेताने घेतलेली एखादी पॉलिसी घरोघरी असते. पण बेळगावात आपल्या तीन-चार पिढ्यांनी जे कमावले, ते बहुतेक घराच्या रूपाने उभे आहे. त्या घराचा विमा किती जणांकडे आहे? गाडीचा असतो, कारण १९८८च्या मोटार वाहन कायद्याने तो सक्तीचा केला आहे. सक्ती नसती तर तोही नसता, असे माझे मत आहे.

सक्ती आहे ती फक्त थर्ड पार्टी विम्याची. आपल्या गाडीने रस्त्यावरच्या माणसाला इजा झाली किंवा तो दगावला, तर न्यायाधिकरण ठरवील ती भरपाई कंपनी देते. तिला वरची मर्यादा नाही. खाजगी मोटारीने दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान केले, तर साडेसात लाखांपर्यंत. आपल्या गाडीसाठी मात्र एक रुपयाही नाही. त्याहून कमी लोकांना माहीत असलेली गोष्ट अशी की, आंबोलीच्या घाटात आपल्या शेजारी बसलेला मेहुणा या सक्तीच्या विम्यात येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे एकाहून अधिक निकालांत स्पष्ट केले आहे. त्याच्यासाठी पॅकेज पॉलिसी लागते. मालक स्वतः चालवत असेल तर त्याचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा वेगळा असतो, तोही पाहून घ्यावा.

पॅकेज घेतले तरी गाडी नवी मिळेल असे नाही. गाडीची विमा-किंमत दरवर्षी उतरते. चार वर्षे उलटली की ती साधारण निम्मी धरतात. दुरुस्तीत रबर, प्लॅस्टिक आणि बॅटरीच्या किमतीतून ५० टक्के कापतात, काचेतून काही कापत नाहीत. ही कपात टाळायची तर थोडा जास्त हप्ता भरून ‘झिरो डेप्रिसिएशन’ घ्यावे लागते. पावसात गाडी पाण्यात अडकली तर एक पथ्य कडक पाळावे : किल्ली फिरवू नये. इंजिनात पाणी शिरले असताना ते चालू केले की आतले भाग मोडतात, आणि ‘हे नुकसान पाण्याने नव्हे, तुमच्या हाताने झाले’ असे कंपनी म्हणू शकते. इंजिनाचे वेगळे संरक्षण घेतले नसेल तर तो खर्च आपल्या अंगावर येतो.

आता घराकडे येऊ. त्याचा विमा घेताना पहिला गोंधळ किमतीचा होतो. टिळकवाडीतल्या घराची बाजारात एक कोटी किंमत असेल, तर त्यातला मोठा भाग जागेचा असतो. जागा जळत नाही, वाहूनही जात नाही. विमा काढायचा तो पुन्हा बांधण्याच्या खर्चाचा. बांधकाम १००० चौरस फूट आणि दर समजा २२०० रुपये, तर २२ लाख. आगीच्या विम्याचा जुना नियम असा की, २२ लाखांच्या घराचा ११ लाखांचाच विमा काढला, तर चार लाखांच्या नुकसानीला दोनच लाख मिळत. १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही सर्व कंपन्यांकडे सारखी असलेली पॉलिसी आली. तिच्यात ही कपात नाही. वास्तूचा विमा काढला की त्या रकमेच्या २० टक्के, पण दहा लाखांपर्यंत, सामानही आपोआप धरले जाते. दागिने आणि देव्हाऱ्यातली चांदी त्यात नाही, ती वेगळी लिहून द्यावी लागते. साध्या घरफोडीसाठीही वेगळा विमा लागतो.

आमच्या वैद्यकात दुखणे तीव्र की जुनाट हे आधी पाहतात. घराचा विमा हा फक्त तीव्र दुखण्याचा आहे. आग, वीज, वादळ, पूर, भूकंप यांसाठी तो आहे. २०१९च्या ऑगस्टमध्ये आपल्या जिल्ह्यात कृष्णा, घटप्रभा आणि मलप्रभेने जे केले, ते तीव्र. पण दहा पावसाळे ओल पीत आलेली मातीची भिंत एका रात्री बसली, तर सर्व्हेअर ती जुनाट ठरवील. म्हणून मे महिन्यात कौले चाळून घ्यावीत, भिंतींचे फोटो तारखेसह काढून ठेवावेत. पुराआधी भिंत धड होती, हे दाखवायला दुसरे काही हाती नसते.

आपल्या जुन्या घरांचे खरे दुखणे मात्र नावात आहे. उताऱ्यावर आजोबा, घरपट्टी काकांच्या नावे, राहतो तिसरा, आणि दोघे भाऊ पुण्याला. ज्याचा त्या वास्तूत हक्क आहे त्यालाच विमा घेता येतो, आणि भरपाईच्या वेळी प्रत्येकाची सही मागितली जाते. वारसांची नोंद आधी करावी. विम्याच्या अर्जात सर्व हिस्सेदारांची नावे घालावीत. गाडीचेही तसेच. मालक वारल्यावर पॉलिसी तीन महिने किंवा तिची मुदत संपेपर्यंत, यांतले जे आधी येईल तोवरच चालते. तेराव्यानंतर वडिलांची गाडी वर्षभर तशीच फिरवणारी मुले मी पाहतो.

अर्ज म्हणजे केसपेपर. रुग्णाने जुने दुखणे लपवले तर औषध चुकते. इथे दावाच नाकारला जातो. पुढच्या खोलीत दवाखाना किंवा शिकवणी चालत असेल, माडी लाकडी असेल, घर वर्षातून सहा महिने बंद राहत असेल, तर तसे लेखी कळवावे. एजंट म्हणतो, ‘तुम्ही सही करा, बाकी मी भरतो.’ सही आपली असते, तेव्हा भरलेला अर्ज वाचून त्याची प्रत मागून घ्यावी.

नुकसान झालेच तर कंपनीला लगेच कळवावे आणि सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत ढिगारा हलवू नये. निदान फोटो काढल्याशिवाय तरी नाही. चोरीला पोलिसांची फिर्याद लागते. पंचनामा कन्नडमध्ये असतो. आपल्यातल्या अनेक वडीलधाऱ्यांना तो वाचता येत नाही, म्हणून सही करण्याआधी शेजारच्या कन्नड जाणणाऱ्याकडून ओळ न् ओळ वाचून घ्यावा. दावा नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. तिथे दाद लागली नाही तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. आपल्यासाठी ते कार्यालय बेंगळुरूला आहे. फी नाही, वकील लागत नाही.