पिशवी काढली, पण नेमकी कशामुळे? ऊसतोड महिलांच्या ऑपरेशनचा प्रश्न अजून सुटलेला नाही

बीड : दिवाळीच्या आगेमागे धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार भागातल्या वाड्या-तांड्यांवर ट्रॅक्टर-ट्रक लागतात आणि ऊसतोड टोळ्या साखरपट्ट्यात जातात. कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी थेट कर्नाटकात. या टोळ्यांतल्या बायकांची गर्भाशयं तरुण वयातच काढली जातात, ही गोष्ट 2019 मध्ये देशभर गाजली. राष्ट्रीय महिला आयोगाने राज्याच्या मुख्य सचिवांना नोटीस पाठवली. विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली.

तेव्हा बीड जिल्ह्यात ऊसतोड महिलांची पाहणी झाली. 82 हजार 309 महिलांपैकी 13 हजार 861 जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे शंभरात जवळपास 17.

आकडा मोठाच आहे. पण आकडा फक्त किती ते सांगतो, का ते सांगत नाही. आणि खरा वाद ‘का’ वरच आहे.

पहिलं उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे, ते म्हणजे कामाची पद्धत. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम हंगामाआधी उचल देतो ती कोयत्याला, आणि ती फेडायची दोघांनी तोडून. पाळीच्या दिवसांत बाई फडावर गेली नाही तर खाडा पडतो. दिवसाला 500 रुपयांपर्यंत खाडा कापल्याच्या तक्रारी त्या वेळी पुढे आल्या होत्या. कोपीला संडास नाही, न्हाणी नाही, पाणी लांबून आणायचं. पहाटेपासून वाकून तोडायचं आणि मोळी डोक्यावर घेऊन गाडीत चढायचं. अशात अंगावरून पांढरं जाणं, पोटात-कंबरेत दुखणं, जास्त रक्त जाणं हे सुरू होतं. हंगामात दवाखाना होत नाही आणि दुखणं अंगावर निघतं. गावी परत आल्यावर बाई डॉक्टरकडे जाते आणि तिथे ‘पिशवी खराब झालीय, पुढे कॅन्सर होईल’ असं ऐकते.

इथून दुसरं उत्तर सुरू होतं, आणि ते दवाखान्याकडे बोट दाखवतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या बायकांमध्ये गर्भाशय काढलेल्यांचं प्रमाण देशात शंभरात तीनच्या आसपास आहे. आंध्र प्रदेश आणि तेलंगणात मात्र ते आठच्या पुढे जातं. बीडची पाहणी वेगळ्या पद्धतीची होती, त्यामुळे हे आकडे एकाखाली एक मांडून तुलना करणं बरोबर नाही. तरी प्रश्न उरतोच. कोयता-उचलीची ही पद्धत सगळीकडे नाही, मग तिथे एवढी ऑपरेशनं कशी? देशातली अशी सुमारे दोन-तृतीयांश ऑपरेशनं खासगी दवाखान्यांत होतात, हेही त्याच पाहण्यांतून दिसतं. म्हणजे दोष एकट्या मुकादमावर टाकून भागत नाही. कामाने दुखणं दिलं, कर्जाने घाई दिली, आणि ऑपरेशनची वाट दवाखान्याने दाखवली. यात कुणाचा वाटा किती, हे ठरवायला त्याच बायकांची तब्येत हंगामाआधी, हंगामात आणि नंतर अशी बरीच वर्षं तपासावी लागते. फिरत्या माणसांचा असा अभ्यास करणं सोपं नाही.

वैद्यकीय बाजू त्यामानाने स्पष्ट आहे. पांढरं जाणं किंवा इन्फेक्शन यासाठी बहुतेक वेळा गोळ्या-औषधं पुरतात. जास्त रक्तस्राव किंवा छोट्या गाठी यांवरही आधी दुसरे उपाय करून बघता येतात. पिशवीबरोबर अंडाशयही काढलं तर तिशी-पस्तिशीतल्या बाईला एकदम पाळी गेल्यासारखं होतं. अंगातून वाफा येतात, झोप उडते, आणि हाडं ठिसूळ होण्याचा व हृदयविकाराचा धोका वाढतो. अंडाशय ठेवलं तरी ते लवकर थकू शकतं. पाळी नको, खाडा नको म्हणून केलेलं ऑपरेशन पुढे कोयताच हातातून सोडवू शकतं.

कायदा आणि कागद

2019 नंतर बीड जिल्ह्यात खासगी दवाखान्यांना हे ऑपरेशन करण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणं बंधनकारक झालं. पुढे 5 एप्रिल 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने बिहार, छत्तीसगड, राजस्थानातल्या विनाकारण ऑपरेशनांच्या याचिकेवर निकाल दिला. केंद्राच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचना सर्व राज्यांनी तीन महिन्यांत लागू कराव्यात, असा आदेश झाला. त्यात जिल्हा, राज्य आणि देश पातळीवर देखरेख समित्या आहेत. पण बीडच्या परवानगीची अट जिल्ह्यापुरती आहे, आणि ऊसतोड बाई तर सहा महिने जिल्ह्याबाहेर असते. ही गळती कुणी मोजायची?

कामगार कायद्याचा घोळ याहून जुना आहे. कारखाना म्हणतो, आमचा करार तोडणी-वाहतूक ठेकेदाराशी. ठेकेदार मुकादमाकडे बोट करतो. मुकादम म्हणतो, मी पण कर्जातच आहे. मालक कोण हेच ठरत नसेल तर पाळीची सुट्टी, बाळंतपणाची रजा, संडास हे मागायचं कुणाकडे? गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी टनामागे 10 रुपये आणि सरकारने तेवढेच द्यायचे, असं ठरलं आहे. जानेवारी 2024 मध्ये तोडणीदरात 34 टक्के वाढ झाली, ती संपानंतर. दरावर संप होतो आणि पुढारी बैठकीला बसतात. पाळीच्या सुट्टीसाठी तसा संप झालेला नाही. त्यातून विधानसभेचं मतदान 20 नोव्हेंबर 2024 ला झालं, टोळ्या बाहेर पडण्याच्याच दिवसांत.

ज्या घरात ऑपरेशनचा सल्ला मिळाला असेल तिथे घाई करू नये. आधी जिल्हा रुग्णालयात किंवा उपजिल्हा रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरला दाखवावं. सोनोग्राफीत नेमकं काय आलं, औषधाने काय होईल, अंडाशय काढणार की ठेवणार, हे स्पष्ट विचारावं. 104 या क्रमांकावर आरोग्याचा सल्ला मिळतो. ऑपरेशन आधीच झालं असेल तरी कागद मागता येतात. मागणी केल्यापासून 72 तासांत उपचाराची कागदपत्रं देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. डिस्चार्ज कार्ड आणि काढलेल्या पिशवीचा तपासणी रिपोर्ट जपून ठेवावा. तिला खरंच कॅन्सरची भीती होती का, हे त्याच कागदावर लिहिलेलं असतं.