विश्लेषण : रेल्वेत नुसते ‘हो, पाठवा’ का चालत नाही?

रेल्वे अपघात म्हटला की सिग्नल, रूळ किंवा ब्रेकमधील बिघाड आठवतो. पण कर्मचाऱ्यांमधला अर्धवट संदेशही तितकाच जीवघेणा ठरू शकतो.

प्रायव्हेट नंबर म्हणजे काय?

गाडी सोडण्यापूर्वी स्टेशन मास्तर पुढच्या स्टेशनकडून ‘लाइन क्लिअर’ घेतो. होकार देताना तिथला स्टेशन मास्तर दोन आकडी प्रायव्हेट नंबरही देतो. छापील तक्त्यातले हे आकडे क्रमाने नसतात, त्यामुळे पुढचा आकडा ओळखता येत नाही. वापरलेला आकडा खोडला जातो आणि गाडीच्या नोंदीसमोर लिहिला जातो. फाटक बंद असल्याची खात्री देतानाही अनेक ठिकाणी गेटमन असाच नंबर देतो.

त्याने काय साधते?

फोनवरचा होकार दुसऱ्याच गाडीसाठी असू शकतो किंवा चुकीचा ऐकला जाऊ शकतो. नंबर मात्र त्याच गाडीसाठी, जबाबदार माणसाकडूनच मिळतो. ऐकणाऱ्याने तो परत म्हणून दाखवायचा असतो.

सिग्नल बंद पडल्यास?

तेव्हा लोको पायलटला लाल सिग्नल ओलांडण्याची लेखी परवानगी मिळते. १७ जून २०२४ रोजी पश्चिम बंगालमध्ये रंगापानीजवळ स्वयंचलित सिग्नल यंत्रणा बिघडली होती. ‘टी/ए ९१२’ या परवानगीपत्रावर गाड्या सोडल्या जात होत्या. त्यातील एका मालगाडीने कांचनजंगा एक्स्प्रेसला मागून धडक दिली. मालगाडीचा लोको पायलट आणि एक्स्प्रेसच्या गार्डसह अनेकांचा बळी गेला.

चौकशीत काय आढळले?

रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या अहवालानुसार परवानगीपत्रात वेगमर्यादाच नव्हती. त्या सकाळी सात गाड्या अशा परवानगीवर गेल्या. प्रत्येक बिघडलेल्या सिग्नलपाशी एक मिनिट थांबून ताशी १५ किमी वेगाने जाण्याचा नियम फक्त कांचनजंगाने पाळला. बाकीच्यांचा वेग वेगवेगळा होता. म्हणजेच कागद होता, पण प्रत्येकाने त्याचा अर्थ आपापल्या परीने लावला. वॉकीटॉकी उपलब्ध नसणे आणि लोको पायलट व स्टेशन मास्तरांचे अपुरे समुपदेशन यांवरही अहवालाने बोट ठेवले.

‘कवच’मुळे प्रश्न सुटेल?

लाल सिग्नल ओलांडला जात असेल, तर ‘कवच’ आपोआप ब्रेक लावते. या मार्गावर ते नव्हते. पण यंत्रणा बिघडली की गाड्या पुन्हा माणसांच्या शब्दांवरच चालतात. अशा वेळी कुठून कुठपर्यंत, किती वेगाने आणि कुठे थांबून जायचे, हे सगळे कागदावरच असायला हवे. चालकाला अंदाज बांधावा लागला, तर तो संदेश अपुराच म्हणायचा.