प्रत्यावर्ती व दिष्ट अशा दोन्ही धारांवर चालणारे प्रतिकृती-रेल्वेइंजिन : जोडणीमागील विद्युत्‌तत्त्व

प्रतिकृती-रेल्वेच्या जगात ‘एच शून्य’ या १:८७ प्रमाणाच्या, १६.५ मिलिमीटर रूळअंतराच्या गाड्या सर्वाधिक प्रचलित आहेत. रूळअंतर एकच असूनही त्यांच्यात दोन परस्परविसंगत विद्युत्‌पद्धती नांदत आल्या आहेत. जर्मनीतील ग्यॉपिंगेन येथील मेर्कलिन कंपनीने १९३५ पासून या आकारात प्रत्यावर्ती धारेची तीन-रुळी पद्धत रुजविली. इतर बहुतेक उत्पादकांनी १२ व्होल्टची दिष्ट, दोन-रुळी पद्धत स्वीकारली. एका पद्धतीचे इंजिन दुसऱ्या पद्धतीच्या रुळांवर चालविणे म्हणजे केवळ व्होल्टता जुळविणे, असा समज आढळतो. वस्तुतः खरा प्रश्न दिशेचा आहे.

खऱ्या इंजिनात चालक असतो. पुढे जायचे की मागे, हे तो आपल्या कक्षात ठरवितो. मुंबईत चर्चगेट ते विरार १५०० व्होल्ट दिष्ट आणि विरारपुढे २५,००० व्होल्ट प्रत्यावर्ती अशी विभागणी असताना, १९७० च्या दशकात आलेली डब्ल्यूसीएएम-१ ही इंजिने दोन्हींखाली धावत. प्रत्यावर्ती विभागात ट्रान्सफॉर्मर व रेक्टिफायर मध्ये येत, एवढाच मुख्य फरक. दिशेचा आदेश तारेतून येण्याची गरज नव्हती. (मुंबईतील ही दिष्ट धारा २०१६ पर्यंत पूर्णपणे हटली.) प्रतिकृतीत मात्र चालक नाही. वेग, शक्ती आणि दिशा हे सारे रुळांतूनच पोहोचवावे लागते.

दिष्ट पद्धतीत हे काम ध्रुवता करते. इंजिनातील मोटरला स्थायी चुंबक असतो. धारेची दिशा उलटली की मोटर उलटी फिरते. संकेतानुसार, प्रवासाच्या दिशेने पाहता उजवा रूळ धन असेल तर इंजिन पुढे जाते. प्रत्यावर्ती धारेला अशी स्थिर ध्रुवता नाही. म्हणून मेर्कलिनने निराळी युक्ती योजली. तिच्या पारंपरिक मोटरमध्ये चुंबकाऐवजी विरुद्ध दिशांनी गुंडाळलेली दोन क्षेत्रकुंडले असतात. कार्यरत कुंडल व आर्मेचर एकसरीत असल्याने दोहोंतील धारा एकाच वेळी उलटते आणि टॉर्कची दिशा कायम राहते. चालविण्यासाठी १६ व्होल्टपर्यंतचा दाब वापरतात. सुमारे २४ व्होल्टचा क्षणिक झटका दिला की इंजिनातील रिले एका कुंडलावरून दुसऱ्यावर जाते.

यावरून दोन्ही बाजूंच्या अडचणी स्पष्ट होतात. दिष्ट मोटरला प्रत्यावर्ती धारा दिल्यास दर अर्धचक्राला टॉर्क उलटतो. इंजिन जागीच गुणगुणते व तापते, आणि दुर्लक्ष झाल्यास कुंडल जळते. ब्रिज रेक्टिफायर बसविल्यास ते चालते, परंतु एकाच दिशेने. रेक्टिफायरनंतर दिशाबदल करणारी रिले हवीच. येथे धारा गुळगुळीत करण्याच्या हेतूने मोठा कपॅसिटर जोडण्याचा मोह टाळावा. १६ व्होल्ट हे वर्गमध्यमूळ मूल्य आहे. शिखर सुमारे २२.६ व्होल्टचे असते, आणि हलक्या भारावर कपॅसिटर जवळजवळ त्या पातळीपर्यंत भारित होतो. १२ व्होल्टच्या मोटरसाठी हे अतिरेकी ठरते.

उलट बाजूने, मेर्कलिनची मोटर दिष्ट धारेवर फिरते, पण ध्रुवता बदलली तरी दिशा बदलत नाही. त्यावरील उपाय साधा आणि देखणा आहे : प्रत्येक क्षेत्रकुंडलाबरोबर एक, असे दोन डायोड परस्परविरुद्ध दिशेने जोडावेत. धन ध्रुवतेला एक कुंडल जागे होते, ऋण ध्रुवतेला दुसरे. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत डायोडचा उपयोग शिकविण्यास याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. मात्र ही जोडणी तशीच प्रत्यावर्ती धारेवर नेल्यास दोन्ही कुंडले आळीपाळीने एकमेकांविरुद्ध ओढतात व इंजिन हलत नाही. झटक्याचे शिखर ३४ व्होल्टपर्यंत जाते, शिवाय कुंडलांतून उलट दाब उसळतो. म्हणून ५० व्होल्ट क्षमतेच्या डायोडपेक्षा ४०० व्होल्टचा ‘१एन४००४’ निवडणे शहाणपणाचे.

दोन्ही पद्धती एकाच इंजिनात हव्या असतील, तर रिले व डायोड दोन्ही ठेवून मध्ये चार ध्रुवांचा बदलस्विच बसवावा लागतो : दोन ध्रुव क्षेत्रकुंडलांसाठी, तिसरा रिलेच्या स्वतःच्या कुंडलासाठी आणि चौथा धारा कोठून घ्यायची हे ठरविण्यासाठी. चौथ्याचे महत्त्व बहुधा ध्यानात येत नाही. तीन-रुळी पद्धतीत दोन्ही बाहेरील रूळ एकाच ध्रुवाचे असून इंजिनाखालची सरकपट्टी मधल्या संपर्कबिंदूंवरून धारा घेते. चाकांना विद्युत्‌रोधन नसते. अशी चाके दोन-रुळी मार्गावर ठेवताच शॉर्ट सर्किट होते. म्हणून एका बाजूची चाके विद्युत्‌रोधित करावी लागतात. ती चाके सरकपट्टीशी कायमची जोडलेली राहिली, तर शॉर्ट सर्किट आता तीन-रुळी मार्गावर होते. दोन-रुळी मार्गावर सरकपट्टी काढून ठेवणेच श्रेयस्कर, कारण सांध्यांवर ती रुळांना स्पर्श करते.

जुन्या, दुर्मीळ इंजिनांच्या बाबतीत मूळ रिले कापून टाकू नये. परत न करता येणारा बदल अशा वस्तूचे ऐतिहासिक मूल्य घटवितो.

१९८० च्या दशकापासून आलेल्या डिजिटल पद्धतींनी दिशेचा आदेश शक्तीपासून वेगळा केला. इंजिनातील डीकोडर रुळांवरील धारेचे दिष्टीकरण करून शक्ती मिळवितो आणि दिशा संकेतातून वाचतो. अनेक डीकोडर साध्या प्रत्यावर्ती वा दिष्ट पुरवठ्यावरही चालतात. तथापि २२० व्होल्टसाठी बनविलेला जुना ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर दिशाबदलाचा झटका नेमलेल्यापेक्षा अधिक तीव्र देतो. जुनी रिले तो सहन करते. डीकोडर त्याने निकामी होऊ शकतो.